बेडूकमाशाची शेपटी

नागपूरचा उन्हाळा मोठा कडक. पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पुढे मृगाच्या सरी कोसळल्या, की फुटाळा आणि अंबाझरी तलावांच्या आसपासचे खाचखळगे पाण्याने भरतात आणि रात्रभर बेडकांचे डराव डराव चालते. थोड्याच दिवसांत त्या डबक्यांत टपोऱ्या डोक्याचे, वळवळत्या शेपटीचे काळे जीव दिसू लागतात. हे बेडूकमासे होत. त्यांना पाय नसतात. ते माशांप्रमाणे कल्ल्यांनी श्वसन करतात.

या जिवांपुढे एक मोठे संकट असते. पावसाने उघडीप दिली, की डबके आटू लागते. पाणी संपण्यापूर्वी पाय फुटले नाहीत, तर मरण अटळ! म्हणूनच पाणी ओसरू लागताच अनेक जातींचे बेडूकमासे घाई करतात आणि आकाराने लहान असतानाच बेडूक होतात. आधी मागचे पाय दिसतात, मग पुढचे. शेपटी गळून पडते, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नव्हे. ती हळूहळू आत विरघळते आणि तिच्यातील द्रव्ये शरीराच्या उपयोगी पडतात. निसर्गाचा हा काटकसरीपणा पाहण्यासारखा आहे.

हे रूपांतर कोण घडवून आणते? 1912 साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली. तेव्हा ते अगदी इवलेसे असतानाच बेडूक झाले! ही ग्रंथी माणसाच्याही गळ्यात असते. तिच्या रसात आयोडीन असते आणि तो रसच शरीराला 'आता बदल' अशी आज्ञा देतो.

मेक्सिको देशातील ॲक्सोलॉटल नावाचा सॅलॅमँडर मात्र सहसा बदलत नाही. त्याचे कल्ले जन्मभर टिकतात आणि तशाच स्थितीत तो अंडी घालतो. 1864 साली काही ॲक्सोलॉटल पॅरिसला आणले गेले. पुढील वर्षी त्यांची काही पिल्ले कल्ले टाकून जमिनीवर राहण्याजोगी झाली, तेव्हा ड्युमेरिल हे प्राणिशास्त्रज्ञ चकितच झाले! रूपांतराची शक्ती त्या प्राण्यात नष्ट झालेली नव्हती. ती निद्रिस्त होती. त्याचा जमिनीवर जाणारा भाऊबंद म्हणजे वाघ-सॅलॅमँडर. या दोघांच्या संकराने झालेल्या पिल्लांचे रूपांतर होते. ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांचा पुन्हा ॲक्सोलॉटलशी संकर केला, तर संततीपैकी काही बदलतात, काही बदलत नाहीत. यावरून हा गुण आईबापांकडून जनुकांद्वारे मिळतो, हे उघड झाले. ज्या तळ्याचे पाणी कधी आटत नाही, ते सोडून कोरड्या जमिनीवर कशाला जायचे? अशा ठिकाणी पाण्यातच राहणाऱ्यांचा वंश पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला असावा.

आपल्या सह्याद्रीत याच्या नेमके उलटे घडले आहे. तेथील झुडपांवर राहणारे काही चिमुकले बेडूक पाण्यात अंडी घालीतच नाहीत. ओलसर पानावर किंवा पाचोळ्यात अंडे पडते, पोहण्याची सारी अवस्था त्या अंड्यातच उरकते आणि बाहेर पडतो तो चार पायांचा, नखाएवढा बेडूक.