स्वसंरक्षणावर लिहिताना विषयांची निवड



शाळा-महाविद्यालयांतील मुलींसाठी स्वसंरक्षणावर लेखमाला लिहिण्याचा भाचीचा संकल्प स्तुत्य आहे. मात्र तिने पाठवलेल्या विषयांच्या यादीत अंधारी गल्ली, निर्जन थांबा, अनोळखी रिक्षाचालक आणि हल्लेखोराला लोळवणारे डाव यांनीच बहुतेक जागा व्यापली असल्यामुळे, लेखणी उचलण्यापूर्वी विषयनिवडीच्या कसोट्यांचा विचार होणे अगत्याचे आहे.

पहिली कसोटी अशी की, धोका प्रत्यक्षात जिथून येतो तिथूनच विषय उचलावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे हेच दाखवीत आले आहेत की, नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, म्हणजे तो नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ किंवा लग्नाचे वचन देणारा असतो. आणि स्त्रियांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती व सासरच्या मंडळींच्या छळाचा असतो. अनोळखी माणसाची भीती लेखाला वाचक मिळवून देते, पण ज्या मुलीला शिकवणीच्या सरांचा खांद्यावर रेंगाळणारा हात झटकायचा आहे, तिच्या हाती त्या लेखातून काहीच लागत नाही. ओळखीच्या माणसासमोर अडचण ताकदीची नसून भिडेची असते. मोठ्यांना उलट बोलू नये, चारचौघांत तमाशा नको, घरी कळले तर शिक्षणच बंद होईल, अशा विचारांच्या ओझ्याखाली आवाज घशातच राहतो; म्हणून भीड मोडण्याचा सराव हाच या लेखमालेचा सर्वांत मोठा विषय ठरायला हवा, आणि तो एका लेखात उरकण्यासारखा नाही.

याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थिनींसाठी प्रत्येकी तीन तासांच्या चार सत्रांचे प्रशिक्षण तयार केले, ज्यात ओळखीच्या पुरुषाकडून संभवणारा धोका वेळीच ताडणे, तो स्वतःशी कबूल करणे आणि मग ठाम शब्दांनी वा शरीराने प्रतिकार करणे, असा क्रम होता. २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढील वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. लेखिकेने विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही की, त्या दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके दिलेली होती. नुसते वाचून भागत नाही, हे येथे उघड होते. त्यामुळे प्रत्येक लेखात मोठ्याने उच्चारून पाहता येईल असे एखादे वाक्य असावे: ‘काका, हात काढा’, ‘सर, दार उघडे राहू द्या’. त्यात सबब नको आणि माफीचा सूरही नको. असे वाक्य मैत्रिणीसमोर उभे राहून, नजर न वळवता, आवाज न चढवता म्हणून पाहण्याची सूचनाही लेखातच असावी.

दुसरी कसोटी, म्हणजे लेखातून पीडितेवरच दोष येऊ नये ही, अधिक गंभीर असून तिचा संबंध महाराष्ट्राच्या इतिहासाशी आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात ‘मथुरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडले, आणि त्या निकालात मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नसल्याचा मुद्दा तिच्याविरुद्ध गेला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदे-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून, शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे ठणकावले. देशभर आंदोलन उभे राहिले, १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हा खुलासा २०१३ मध्ये कायद्याच्या कलमातच आला. भीतीने अंग जडावणे, म्हणजे हातपाय व वाचा काही काळ ताब्यात न राहणे, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया असून ती भित्रेपणाची खूण नाही. ‘तिने धैर्य दाखवले असते तर’ असा अर्थ ज्यातून निघू शकेल, तो विषय कितीही आकर्षक असला तरी बाजूला ठेवावा. जिच्यावर प्रसंग गुदरला आहे अशी एक तरी वाचक प्रत्येक लेखाला असणार. कपडे कोणते घालावेत, सातच्या आत घरात का यावे, यांवरील उपदेशही याच कारणासाठी वर्ज्य समजावा.

शारीरिक डावांना स्थान असावे, पण थोडे. मनगट पकडले गेले असता मागे ओढत बसण्याऐवजी पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेने, कोपर अंगाजवळ आणत, हात झटक्याने फिरवून काढावा, कारण पकडीचा कमकुवत भाग तोच असतो. तोंडावर वार करायचा झाल्यास बोटांची हाडे मोडू शकणाऱ्या मुठीपेक्षा तळव्याची टाच बरी. सुटका होताच पळावे आणि ओरडावे. गळ्यातली साखळी हिसकावून दुचाकीवरून पळणाऱ्याला मात्र ती खुशाल नेऊ द्यावी, कारण फरफटत जाऊन जीव गमावण्याइतके कोणतेही सोने मोलाचे नसते. सोपे चारच डाव घोटले जावेत. चित्रांच्या आधारे पंचवीस डाव शिकवणाऱ्या लेखातून फसवा आत्मविश्वास तेवढा मिळतो.

कायद्याची माहिती देताना ती वापरण्याजोगी द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क सांगतात. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो, तसेच बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, म्हणून पडलेल्या माणसाला मारत राहणे बचावात मोडत नाही. ‘झिरो एफआयआर’, म्हणजे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, यांचा उल्लेख ओघात यावा.

मालेचा पहिला लेख मात्र पाठलागावर व्हावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. संहितेच्या ७८व्या कलमानुसार स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा इंटरनेटवरील तिच्या हालचालींवर नजर ठेवणे हा गुन्हा आहे. पण एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली घराघरांतून तो हसण्यावारी नेला जातो आणि हे दुर्लक्ष पुढे जिवावर बेतू शकते. एकदाच, निःसंदिग्ध शब्दांत नकार लिहून पाठवणे, त्यानंतर एकाही संदेशाला उत्तर न देणे, आलेले संदेश न पुसता तारखेसह जपून ठेवणे आणि घरातल्या वा शाळेतल्या एका तरी विश्वासू मोठ्या माणसाला ते दाखवणे, एवढे त्या लेखात नीट उलगडून सांगितले, तर फोन हातात असलेल्या कोणत्याही मुलीला ते त्याच संध्याकाळी करता येईल.