मोबाईलमधला मालक आणि मजुराचा हक्क

लातूरच्या आडत बाजारात तुरीची पोती वाहणारा हमाल आज एका आडत्याकडे, तर उद्या दुसऱ्याकडे राबतो. कायमचा मालक नसलेल्या अशा कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. काम करवून घेणाऱ्याने मजुरीसोबत लेव्ही भरावी आणि तिच्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ मिळावेत, हे त्याचे सूत्र.

आज अशाच घरांतली मुले पुण्यात मोटारसायकलवरून जेवण पोहोचवतात. पेट्रोल, दुरुस्ती, खोलीभाडे त्यांचे. दर मात्र ॲप ठरवते. कंपनी त्यांना नोकर नव्हे, 'भागीदार' म्हणते.

फिकहमध्ये मजुराचे दोन प्रकार आहेत. 'अजीरे खास' आपला वेळ एकाच मालकाला देतो. कामासाठी हजर राहताच त्याची मजुरी देय ठरते, मग मालकाने काम देवो अथवा न देवो. 'अजीरे मुश्तरक', उदाहरणार्थ शिंपी, अनेकांची कामे घेतो. मजुरी काम झाल्यावरच मिळते, परंतु दर बोलण्यास व काम नाकारण्यास तो मोकळा असतो. या मुलांच्या वाट्याला पहिल्याची बांधिलकी आणि दुसऱ्याची अनिश्चितता आली. हक्क मात्र कोणाचाच आला नाही.

हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचले तेव्हा तेही परमुलखातले निराधार होते. तरीही सूरह कसस (२८:२७) पाहा: मुदत आठ वर्षांची, दहा केली तर स्वखुशीने, आणि कष्ट न लादण्याची ग्वाही. गरजवंताशीही अटी आधीच स्पष्ट झाल्या. मजुरी ठरवल्याविना मजूर लावू नये आणि घाम सुकण्यापूर्वी ती द्यावी, हीच प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला कायद्यात स्थान दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वाटा त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावा, अशी तीत तरतूद आहे. म्हणून मुलाला परगावी पाठवताना ई-श्रम नोंदणी करून द्या. हक्क मागणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

आणि ग्राहक म्हणून स्वतःलाही विचारा. आपण देतो ते तारांकन एक साक्षच असते. हॉटेलच्या विलंबाचा राग पोहोचवणाऱ्यावर काढून एकच तारा देणे ही खोटी साक्ष ठरते, आणि तिने एखाद्याची रोजी हिरावली जाऊ शकते. दारात उभा असलेला तो मुलगा कोणत्या तरी आईने लातूरहून पाठवलेला असेल.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायाने वागण्याची तौफीक देवो. आमीन.