रिन्स एड: बाटली घेण्याआधी पाण्याचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल म्हणजे धानाचा पट्टा. भाताच्या गंजाला चिकटलेली खळ डिशवॉशर बिनतक्रार काढतो. पण पाणी बोअरचं आणि जड असेल, तर स्टीलचे ग्लास वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरतात. मग कुणीतरी रिन्स एड सुचवतं. ते घ्यावं का आणि किती खर्च येतो, ते पाहू.

रिन्स एड नेमकं काय करतं?
शेवटच्या गरम विसळणीत मशीन ते थोडंसं सोडतं. त्यामुळे पाण्याचे थेंब भांड्यावर न थबकता पातळ पापुद्र्यासारखे ओघळून जातात, भांडी लवकर वाळतात आणि डाग कमी पडतात. पाण्यातले क्षार मात्र ते काढत नाही. ते काम मशीनमधल्या सॉफ्टनरचं, आणि सॉफ्टनर चालतो डिशवॉशर सॉल्टवर. म्हणून आधी मीठ, मग रिन्स एड.

आधी पाणी तपासा
पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेता येतो. शुल्क आधी विचारा. अनेक मशीनच्या पुस्तिकेत जडपणा जर्मन अंशांत दिलेला असतो. अहवालातल्या आकड्याला १७.८ ने भागा: ४५० आला तर सुमारे २५ अंश. सॉफ्टनरचं सेटिंग त्यानुसार लावा. ऑल-इन-वन टॅब्लेटमधली मिठाची सोय साधारण २१ अंशांपर्यंतच पुरते. त्यापुढे वेगळं मीठ लागतंच.

रोज एक वॉश, महिन्याचा हिशेब
किमती हिशेबापुरत्या धरल्या आहेत. आपल्या पाकिटावरच्या टाकून पुन्हा मांडा.

- पावडर: किलो ₹४००, वॉशला २० ग्रॅम = ₹८
- मीठ: किलो ₹१५०, महिनाभर पुरलं तर वॉशला ₹५
- रिन्स एड: ५०० मिली ₹४००, वॉशला ३ मिली = ₹२.४०

वॉशमागे ₹१५.४०, म्हणजे महिन्याला ₹४६२. त्यात रिन्स एडचा वाटा फक्त ₹७२, आणि एक बाटली साडेपाच महिने पुरते. वीज आणि पाणी वेगळं. गावातल्या किराणा दुकानात हा माल नसेल तर ऑनलाइन मागवताना पोचवण्याचा खर्चही धरा. मीठ वजनदार असल्याने दोन-तीन महिन्यांचं एकदम घेणं परवडतं.

डाग पाहून निदान
ठिपके पडलेल्या ग्लासवर लिंबाची फोड घासा.

- डाग गेला: क्षार आहेत. मीठ संपलं का पाहा, सॉफ्टनरचं सेटिंग वाढवा.
- भांडी ओली, थेंब तसेच: रिन्स एड एक अंक वाढवा.
- निळसर, चिकट ओघळ किंवा फेस: रिन्स एड जास्त झालं. कमी करा.
- काच धूसर, लिंबानेही जात नाही: काच झिजली आहे, ती परत उजळणार नाही.

प्लॅस्टिकचे डबे मात्र रिन्स एड घालूनही ओलेच निघतात. त्यासाठी डोस वाढवू नका.

हे टाळा
घरचं मीठ किंवा खडे मीठ घालू नका. त्यातली भेसळ आणि मिसळलेले पदार्थ सॉफ्टनरला बाधतात. रिन्स एडच्या कप्प्यात व्हिनेगर ओतल्यास रबरी सील खराब होऊ शकतात. आरओचं वाया जाणारं पाणी मशीनला जोडू नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. भरताना रिन्स एड सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर फेस होतो.

झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये रिन्स एडचे अंश आतड्याच्या पेशींच्या आवरणाला हानी करू शकतात, असं प्रयोगशाळेत दाखवलं. त्यांचा रोख मुख्यतः हॉटेलांतल्या व्यावसायिक मशीनवर होता. तरी घरीही डोस कमीत कमी ठेवणंच शहाणपणाचं.

निर्णय
पाणी जड असेल तर पहिला पैसा तपासणीवर, दुसरा मिठावर, तिसरा रिन्स एडवर. मीठ न भरता नुसती रिन्स एडची बाटली घेतली, तर ते ₹४०० वाया गेले समजा.