वसाहतीतला व्यायामवर्ग आणि जुनी गाणी : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहती आता चांगल्या रुळल्या आहेत. घर पाहायला गेलं की माहितीपत्रकात योगवर्ग आणि संगीतसंध्या हमखास दिसतात. त्यांचे पैसे कुठे देखभाल शुल्कातच धरलेले असतात, कुठे ‘उपक्रम निधी’ म्हणून वेगळे लावले जातात, तर कुठे वर्गागणिक घेतले जातात. आपल्याकडे यातला कोणता प्रकार आहे, हे सही करण्याआधी लेखी घ्या. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. पण त्यांचा मुख्य भर रुंद दरवाजे, आधाराचे कठडे, न घसरणाऱ्या फरश्या अशा बांधकामावर आहे. आठवड्याला किती वर्ग आणि शिकवणार कोण, हे करारातच लिहून घ्यावं लागतं.

आता हिशेब. उदाहरणादाखल धरू, की शिक्षक तासाला ७०० रुपये घेतात आणि वर्ग आठवड्यातून तीनदा आहे. महिन्याचे साधारण १३ वर्ग, म्हणजे ९,१०० रुपये. येणाऱ्या २० जणांनीच वाटून घेतले, तर प्रत्येकी ४५५. शंभर घरांत वाटले, तर घरटी ९१. अशा वसाहतीत घरटी ३०० रुपये उपक्रम निधी असेल, तर जमा होतात ३०,००० रुपये. उरलेल्या २०,९०० रुपयांतून काय होतं, हे विचारण्याचा रहिवाशाला पूर्ण हक्क आहे. वयाचा मान ठेवून विचारायला संकोचू नका; पैसे पेन्शनीतले आहेत.

जीएसटीची मेख इथेच आहे. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल आणि सभासदाचं मासिक शुल्क ७,५०० रुपयांपुढे गेलं, तर १८ टक्के कर लागतो, आणि कर विभागाच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार तो संपूर्ण रकमेवर लागतो. शुल्क ७,३०० असताना सगळ्यांवर सरसकट ४०० रुपयांचा उपक्रम निधी घातला, की रक्कम ७,७०० होते आणि कर १,३८६ रुपये. चारशेचा वर्ग १,७८६ ला पडला! देखभाल सोसायटीऐवजी कंपनी पाहत असेल, तर ७,५०० ची सवलत मुळातच मिळत नाही. म्हणून सर्वसाधारण सभेत हा आकडा आधी मांडायला लावा.

वर्गात काय हवं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत. नुसता प्राणायाम आणि शवासन असलेला वर्ग सुखाचा असतो, पण पडण्यापासून वाचवायला तो पुरत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की ट्रेडमिलवर लाखभर घालण्यापेक्षा चांगल्या शिक्षकाला दोन पैसे जास्त द्यावेत. साहित्य म्हणून बिनचाकाच्या भक्कम खुर्च्या, भिंतीला कठडा आणि काही रबरी पट्टे पुरेत. फिजिओथेरपिस्ट असल्याचं सांगणाऱ्याकडे परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. पहिल्या दिवशी रक्तदाब, गुडघे, शस्त्रक्रिया यांची चौकशी न करता हात वर करायला लावणाऱ्याकडे वर्ग देऊ नका. एका शिक्षकापुढे १५ हून जास्त माणसं असतील, तर कोणाचा तोल जातोय हे दिसणारच नाही.

गाण्यांच्या बाबतीत खर्च आणि लाभ यांचं नातं उलटं आहे. वाद्यवृंद बोलावून केलेली संध्या महाग असते; ऐकून सगळे घरी जातात. आठवणी जागवायच्या, तर आठ-दहा माणसं, एक गाणी जाणणारा रहिवासी आणि एक बरा स्पीकर लागतो. माणसाला पौगंड आणि तरुण वयातली गाणी सर्वांत पक्की लक्षात राहतात, म्हणून निवड वयाप्रमाणे करा. १९४० साली जन्मलेल्यांना १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं ‘गीतरामायण’ लागेल. १९५५ च्या जन्माला १९७२ चा ‘पिंजरा’. दोघांना एकच यादी ऐकवली, तर अर्धी खोली गप्प बसते. गाणं संपलं की थांबा आणि विचारा, रेडिओ कुणाच्या घरी होता, कोण कोण जमायचं? स्मृतिभ्रंश असलेली व्यक्तीही कधी कधी इथे पूर्ण कडवं म्हणते. एखाद्या गाण्याने डोळेही भरतात; अशा वेळी शेजारी बसायला कोणीतरी हवं, गाणं बदलून मोकळं होऊ नये. ‘म्युझिक थेरपी’ म्हणून जादा दर मागितला, तर आधी शिक्षण आणि अनुभव विचारा.

बिलात ‘संगीत परवाना’ अशी ओळ दिसली, तर आधी कारण विचारा. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२(१)(के) नुसार, निवासी जागेतल्या रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त सभागृहात त्यांच्या सोयीसाठी ध्वनिमुद्रित गाणी वाजवणं हा हक्कभंग नाही. हॉटेल किंवा तशा व्यावसायिक जागेला ही सूट नाही. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत, तर गोष्ट वेगळी.

बजेट अगदीच तुटपुंजं असेल, तर दोन्ही एकत्र करा. जिनेव्हात पासष्टीपुढच्या १३४ जणांवर झालेल्या आणि २०११ साली छापलेल्या अभ्यासात संगीताच्या तालावर आठवड्याला एकच तास व्यायाम झाला. सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं. तिथे पियानो होता, आपल्याकडे पेटी चालेल. लय बदलली की चाल बदलायची, एवढाच नियम.

वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. आधी दोन वर्ग पाहा, मग तिमाही भरा, आणि आजारपणात किंवा मुलांकडे परगावी गेल्यास किती परतावा मिळेल ते पावतीवर लिहून घ्या. कबूल केलेले वर्ग बंद पडले, तर आधी लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांना दाखल शुल्क नाही.