उलटल्यावर सुकाणू निखळतं?

प्रश्न : आमची लेझर डिंगी उलटली की सुकाणू निखळतं. शिवाय जोराच्या वाऱ्यात सुकाणूचा दांडा फार जड लागतो. काय करावं?

उत्तर : बोटीच्या मागच्या फळीवर, सुकाणूच्या कड्यांजवळ, एक छोटी स्प्रिंगची पट्टी असते. सुकाणू बसवल्यावर ती बाहेर उसळून त्याला अडवते. प्रत्येक वेळी सुकाणू वर ओढून पाहा. निघता कामा नये. पट्टी वाकली असेल तर नवीच लावा.

दांडा जड होतो तो बहुधा सुकाणूचं पातं पूर्ण खाली न उतरल्यामुळे. मागे कललेल्या पात्यावर पाण्याचा दाब बिजागरीपासून लांब पडतो आणि हात भरून येतो. पातं खाली ओढायची दोरी न ताणली जाणारी घ्या, करकचून ओढून क्लीटमध्ये अडकवा. बोट कलली तरी दांडा जड होतोच, म्हणून ती सपाट ठेवा. उथळ पाण्यात शिरण्याआधी मात्र दोरी सोडाच, नाहीतर पातं वाळूला लागून मोडेल.