‘स्टँडबाय’ म्हणजे सुट्टी?

प्रश्न : मुलगा विमान कंपनीत को-पायलट आहे. ‘स्टँडबाय’च्या दिवशी मुंबईत घरीच असतो, पण गावी ये म्हटलं की नाही म्हणतो. असं का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, ती सुट्टी नव्हेच. कुणी आजारी पडलं किंवा विमान रखडून एखाद्याचे ड्यूटीचे तास संपत आले, की राखीव वैमानिकाला फोन जातो. मग ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठावाच लागतो. साताऱ्याहून ते कसं जमणार? रोस्टर कंपनी आखते, मर्यादा मात्र विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएच्या : वर्षाला फार तर १००० उड्डाणतास आणि जुलै २०२५पासून आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती. आधी ती ३६ होती. त्या विश्रांतीत बोलवा, पण आल्या आल्या पाहुण्यांकडे फिरवू नका. आधी झोपू द्या.