उन्नीचा भुंगेरा ओळखा : माळावरचा कोणता, नदीकाठचा कोणता



ऑगस्ट-सप्टेंबरात उसाचे बेट पिवळे पडते, धरून ओढले की सहज उपटून येते. खणावे तर मुळाशी विळ्यासारखी वाकलेली, तांबूस डोक्याची, पांढरी जाड अळी. आपण वऱ्हाडात हिला उन्नी म्हणतो, पश्चिमेकडे हुमणी. पण उन्नी म्हणजे एकच किडा नव्हे. जात न ओळखता उपाय केला तर मजुरी फुकट जाते.

पहिली जात माळावरची, होलोट्रिकिया सेराटा. महाराष्ट्रात हीच जास्त पसरलेली. हलक्या-मध्यम जमिनीत हिचा जोर. भुंगेरा तांबूस तपकिरी, सुमारे २ सें.मी. लांब. वळवाचा चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये दिवेलागणीला जमिनीतून निघतो अन् कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतो. पहाटेपूर्वी परत मातीत. म्हणून रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे वेचावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. अंडी घालण्याआधी मादी सापडली तर पुढची सगळी पिलावळ वाचते. हे काम एकट्याचे नाही. शेजाऱ्याच्या बांधावरचा निंब सोडला तर काय उपयोग?

दुसरी नदीकाठची, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी ती उसाला फार छळते. कर्नाटकात सुपारीच्या बागांतही आहे. भुंगेरा आकाराने मोठा, अंगावर बारीक खवले. लेपिडोफोरा म्हणजे खवले धारण करणारा. हा झाडपाला खायला गोळा होत नाही, तेव्हा निंब कितीही हलवा! इथे भर नांगरटीमागे अळ्या वेचण्यावरच द्यावा लागतो.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी मात्र उन्नी समजू नका. सपाट जागी सोडून पाहा. पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजके खाणारी.

तेल्हारा भागात पूर्णाकाठची भारी काळी जमीन आहे, तशीच सातपुड्याच्या पायथ्याची हलकीही. त्यामुळे अंदाजाने जात ठरवू नये. अळी गरम पाण्यात बुडवून घ्या, म्हणजे काळी पडत नाही. नंतर स्पिरिटच्या बाटलीत घाला. शेवटच्या वेढ्याच्या खालच्या बाजूचे केस भिंगातून पाहून तज्ज्ञ जात सांगतात. गाव, गट नंबर, तारीख चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा (शाई स्पिरिटमध्ये विरघळते) व बाटली चिटबॉयजवळ द्या. शेतकी खाते ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला दाखवील.